‘मूलतः’ म्हणजे नेमके काय?
इंग्रजीतील स्वरूपवाचक क्रियाविशेषणांचा इतिहास

हीरक महोत्सवाच्या वर्षात ‘हिरा’ हा शब्द शाळेच्या आवारात वारंवार उच्चारला जाणे स्वाभाविक आहे. या हिऱ्याविषयी विज्ञानाच्या तासाला एक विधान हमखास केले जाते : हिरा हा मूलतः कार्बन आहे, आणि शिसपेन्सिलीतील ग्रॅफाइट हाही मूलतः कार्बनच आहे. ते ऐकून विद्यार्थी चकित होतो. एखादा चौकस विद्यार्थी मग विचारतो, दोन्ही मूलतः एकच असतील तर एकाने काच कापली जाते आणि दुसऱ्याने कागदावर नुसती रेघ उमटते, हे कसे?

या प्रश्नाचे पुरते उत्तर मिळण्यास रसायनशास्त्राला बराच काळ लागला. १७७२ मध्ये आंत्वान लाव्हाझिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने भिंगाने सूर्यकिरण एकवटून बंद भांड्यात हिरा जाळला आणि कोळसा जळताना निघतो तसाच वायू त्यातून निघतो, असे पाहिले. १७९७ मध्ये स्मिथसन टेनंट या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने हिऱ्यात कार्बनखेरीज दुसरे काहीही नाही, हे मोजमापाने दाखवून दिले. ‘मूलतः कार्बन’ हे विधान येथे पक्के झाले. परंतु १९१३ मध्ये विल्यम हेन्री ब्रॅग आणि विल्यम लॉरेन्स ब्रॅग या पितापुत्रांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने हिऱ्याची अंतर्रचना उलगडली, तेव्हा हिऱ्याचे हिरेपण अणूंच्या मांडणीत आहे, हे स्पष्ट झाले. द्रव्याच्या दृष्टीने हिरा आणि ग्रॅफाइट एक आहेत; रचनेच्या दृष्टीने ते भिन्न आहेत. ‘मूलतः’ म्हणताना यांपैकी कोणते मूळ अभिप्रेत आहे, हे विचारल्यावाचून ते विधान पुरते समजत नाही.

इंग्रजी भाषेत वस्तूचे मूळ स्वरूप सांगणाऱ्या अशा क्रियाविशेषणांचे एक मोठे कुटुंबच आहे. ‘एसेन्शियली’, ‘फंडामेंटली’, ‘बेसिकली’, ‘इन्ट्रिन्सिकली’, ‘इन्हेरंटली’, ‘सब्स्टॅन्शियली’, ‘रॅडिकली’ हे त्यातील ठळक सदस्य. आज हे शब्द वृत्तपत्रांत, न्यायालयांत, मुलाखतींत आणि शाळकरी मुलांच्या बोलण्यातही सहज आढळतात. त्यांच्या मागे मात्र दोन हजार वर्षांचा इतिहास उभा आहे. तत्त्वज्ञांनी ते घडवले, धर्मपंडितांनी त्यांवरून वाद घातले, राज्यकर्त्यांनी त्यांमागील कल्पनेने माणसांची वर्गवारी केली, आणि न्यायाधीशांनी त्यांच्या आधारे निर्णय दिले. या इतिहासाचा हा संक्षिप्त आढावा.

शरीर, मन आणि मूळ

या शब्दांच्या अखेरीस येणारा ‘ली’ हा प्रत्यय प्रथम पाहण्याजोगा आहे. प्राचीन इंग्रजीत ‘लीक’ या शब्दाचा अर्थ शरीर किंवा देह असा होता. एखाद्या गुणवाचक शब्दाला हा शब्द जोडला की ‘त्या देहाचा, त्या रूपाचा’ असा अर्थ होई. त्यापासूनच आजचा ‘ली’ झाला. इंग्लंडमधील जुन्या चर्चच्या आवारात शिरताना छप्पर असलेले एक प्रवेशद्वार लागते. दफनापूर्वी शवपेटी तेथे क्षणभर टेकवीत असत. त्या द्वाराच्या ‘लिचगेट’ या नावात तो जुना देहवाचक शब्द अद्याप शिल्लक आहे.

फ्रेंच, इटालियन आणि स्पॅनिश या भाषांनी वेगळा मार्ग धरला. त्यांच्या क्रियाविशेषणांच्या शेवटी येणारा प्रत्यय लॅटिनमधील ‘मेन्ते’ म्हणजे ‘मनाने’ या शब्दापासून आला आहे. अशा रीतीने वस्तूचे स्वरूप सांगताना इंग्रजीने देहाचा आधार घेतला आणि फ्रेंचने मनाचा.

संस्कृतने, आणि तिच्याकडून मराठीने, तिसरा मार्ग स्वीकारला. मूलतः, वस्तुतः, तत्त्वतः, स्वभावतः या शब्दांतील ‘तः’ या प्रत्ययाला पाणिनीने ‘तसि’ असे नाव दिले असून तो पंचमीच्या अर्थाचा आहे. पंचमी म्हणजे अपादान. ‘पासून’ हा तिचा अर्थ. म्हणून ‘मूलतः’ म्हणजे मुळापासून आणि ‘तत्त्वतः’ म्हणजे तत्त्वापासून पाहता. हा प्रत्यय ऐकणाऱ्याला एक दिशा दाखवतो : विधान कोठून केले जात आहे, कोणत्या जागेवरून पाहिले जात आहे, हे तो सांगतो.

मराठीने या संस्कृत शब्दांच्या जोडीला स्वतःची घरगुती रूपेही घडवली आहेत. ‘मुळात’ हे मूळ या शब्दाचे सप्तमीचे रूप. ‘जात्या’ हे जाती म्हणजे जन्म या शब्दाचे संस्कृत तृतीयेचे रूप. ‘सहज’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘बरोबर जन्मलेला’ असा आहे. जन्माबरोबर आलेले ते विनासायास घडते, म्हणून ‘सहज’ म्हणजे विनासायास. आणि विनासायास घडते त्यामागे विशेष हेतू नसतो, म्हणून ‘सहज आलो होतो’ या वाक्यात त्याचा अर्थ ‘विनाकारण’ इथवर येऊन ठेपला. ‘मुळीच नाही’ या प्रयोगात तर मूळ हा शब्द केवळ नकाराला बळकटी देण्यापुरता उरला आहे. झिजत जाणे हा स्वरूपवाचक शब्दांचा स्वभावच दिसतो, आणि याला कोणतीही भाषा अपवाद नाही.

एका अवघड शब्दाचा जन्म

‘एसेन्शियली’ या शब्दाचे मूळ लॅटिनमधील ‘एसेन्शिया’ या नामात आहे, आणि ते नामही मुळात भाषांतराच्या गरजेतून जन्मले. ग्रीक तत्त्वज्ञांकडे ‘असणे’ या क्रियापदापासून बनलेला ‘ऊसिया’ हा शब्द होता. रोमन लेखकांना तो लॅटिनमध्ये आणायचा होता. परंतु लॅटिनमध्ये तसा शब्द नव्हता. इसवी सनाच्या पहिल्या शतकात सेनेका आपल्या मित्राला लिहिलेल्या पत्रात लॅटिनच्या या शब्ददारिद्र्याविषयी खंत व्यक्त करतो आणि ‘एसेन्शिया’ हा शब्द वापरण्यापूर्वी जणू वाचकाची परवानगी मागतो. सिसेरोचा आधार आहे, असे सांगून तो आपला संकोच दूर करतो. आज ज्या शब्दाला इंग्रजीतील प्रतिष्ठित शब्द मानले जाते, तो एके काळी कानाला खटकणारा, ओढूनताणून बनवलेला पारिभाषिक शब्द होता, ही गोष्ट मराठी परिभाषेची थट्टा करणाऱ्यांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

या शब्दामागील विचार ॲरिस्टॉटलचा. वस्तूचे काही गुण असे असतात की ते गेले तर ती वस्तूच राहत नाही. काही गुण असे असतात की ते गेले तरी वस्तू तीच राहते. पहिल्यांना सार म्हणावे, दुसऱ्यांना आगंतुक. सॉक्रेटिस बसलेला असो वा उभा, तो सॉक्रेटिसच. परंतु मनुष्यत्व नसलेला सॉक्रेटिस कल्पिता येत नाही. मध्ययुगीन युरोपातील विद्यापीठांत हा भेद तर्कशास्त्राच्या पहिल्या पाठांत शिकवला जाई, आणि तेथूनच ही क्रियाविशेषणे लॅटिनमार्गे इंग्रजीत उतरली.

भारतीय दर्शनांनाही हा प्रश्न अपरिचित नव्हता. कणादाच्या वैशेषिक दर्शनात गुण आणि द्रव्य यांचा जो अतूट संबंध ‘समवाय’ या नावाने सांगितला आहे, त्याचे भाषांतर करताना इंग्रजी अभ्यासक ‘इन्हेरन्स’ हाच शब्द वापरतात. ‘इन्हेरंटली’ त्याच घरातला. त्याचा लॅटिन अर्थ ‘आत चिकटलेला’ एवढाच आहे. उलट नागार्जुनाने, कोणत्याही वस्तूला स्वतःचा असा स्वतंत्र ‘स्वभाव’ नसतो, सर्व काही परस्परावलंबी असते, अशी भूमिका मांडली. त्याच्या दृष्टीने ‘स्वभावतः’ या शब्दाने सुरू होणारे प्रत्येक विधान संशयास्पद ठरते.

शब्दासाठी दिलेले प्राण

सोळाव्या शतकातील युरोपात ही क्रियाविशेषणे पंडितांच्या वर्गाबाहेर पडली आणि जीवनमरणाचा प्रश्न बनली. ख्रिस्ती उपासनेत भाकरी आणि द्राक्षासव यांना ख्रिस्ताचा देह आणि रक्त मानले जाते. हे मानणे कोणत्या अर्थाने, हा वाद होता. ऑक्टोबर १५५१ मध्ये ट्रेंट येथील धर्मपरिषदेने ख्रिस्ताचे अस्तित्व त्यात खरोखर, वास्तवात आणि द्रव्यतः असते, असे घोषित केले. एका वाक्यात तीन क्रियाविशेषणे योजण्याचे कारण, एकही पळवाट शिल्लक राहू नये, हे होते.

इंग्लंडमध्ये हा वाद राज्यकर्त्यांबरोबर उलटसुलट फिरला. आठव्या हेन्रीच्या राजवटीत १५३९ च्या ‘सहा कलमां’च्या कायद्याने वास्तव अस्तित्व नाकारणाऱ्याला मृत्युदंड ठेवला. हेन्रीचा पुत्र सहावा एडवर्ड गादीवर असताना, १५५२ च्या प्रार्थनाग्रंथात ऐन वेळी एक टीप घालण्यात आली : भाकरी घेताना गुडघे टेकणे म्हणजे तेथे ख्रिस्ताचे ‘वास्तव आणि सारभूत’ अस्तित्व मानणे नव्हे. एडवर्डनंतर मेरी राणी आली. तिच्या काळात लॅटिमर आणि रिडली यांना १५५५ मध्ये आणि क्रॅन्मर यांना १५५६ मध्ये ऑक्सफर्ड येथे जिवंत जाळण्यात आले. त्यांच्यावरील आरोपांच्या केंद्रस्थानी हाच प्रश्न होता. १५५९ मध्ये एलिझाबेथच्या राजवटीत ती टीप गाळली गेली. १६६२ मध्ये ती पुन्हा आली. मात्र त्या वेळी ‘वास्तव आणि सारभूत’ हे शब्द काढून त्यांच्या जागी ‘शारीर’ हा शब्द ठेवण्यात आला. शंभर वर्षांच्या रक्तरंजित वादाचा शेवट विशेषणांच्या अदलाबदलीने झाला.

पुढच्याच पिढीत जॉन लॉक याने या शब्दांच्या मुळावरच बोट ठेवले. १६९० साल छापलेल्या आपल्या प्रसिद्ध निबंधात त्याने सोन्याचे उदाहरण घेतले. पिवळेपणा, जडपणा, ठोकून पत्रा होण्याची क्षमता, वितळणे या गुणांच्या समूहाला मनुष्य ‘सोने’ हे नाव देतो. हे झाले नावापुरते सार, माणसाने ठरवलेले. त्या गुणांच्या मुळाशी जी अंतर्रचना असेल, ते खरे सार. माणसे बोलतात नावापुरत्या साराविषयी, आणि समजतात की खऱ्या साराविषयी बोललो. लॉकचा हा इशारा पुढील सर्व इतिहासाला लागू पडतो.

‘जात्याच’ : माणसांवर मारलेला शिक्का

वस्तूंविषयी केलेले असे विधान चुकले तर ज्ञान चुकते; माणसांविषयी केलेले चुकले तर माणसे भरडली जातात. भारतात याचे ठळक उदाहरण म्हणजे १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. गुन्हा हा व्यक्तीच्या हातून घडतो, हे न्यायाचे साधे तत्त्व बाजूला सारून या कायद्याने संपूर्ण जमातीला गुन्हेगार घोषित करण्याचा अधिकार सरकारला दिला. व्यवसाय जसा पिढीजात, तसा गुन्हाही पिढीजात, अशी त्यामागील समजूत होती. एकदा घोषणा झाली की न्यायालयातही तिला आव्हान देता येत नसे. जमातीतील माणसांची नोंदणी झाली, हजेरी लागू झाली, गावाबाहेर जाण्यासाठी परवाना आवश्यक झाला. १९११ आणि १९२४ च्या कायद्यांनी या व्यवस्थेची व्याप्ती वाढली.

येथे ‘इन्हेरंटली’ या शब्दाचा अर्थ जन्मावर येऊन थांबला. मराठीत त्याला नेमका शब्द आहे, ‘जात्याच’. आणि त्यातील ‘जात’ भारतीय वाचकाला निराळी समजावून सांगावी लागत नाही. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला आणि त्या जमाती ‘विमुक्त’ म्हणवल्या जाऊ लागल्या. कागदावरचा शिक्का पुसला गेला, तरी लोकांच्या आणि पोलिसांच्या मनातील शिक्का तसाच राहिला. त्याचे साक्षीपुरावे मराठी साहित्यात आहेत. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) ही आत्मकथने म्हणजे ‘जात्याच’ या एका शब्दाला दिलेली सविस्तर उत्तरे होत.

घटना समितीतील एक क्रियाविशेषण

स्वतंत्र भारताच्या इतिहासातही अशा एका क्रियाविशेषणाने दूरगामी परिणाम घडवला आहे. २ डिसेंबर १९४८ रोजी घटना समितीत व्यक्तिगत कायद्यांना संरक्षण असावे की नसावे, यावर चर्चा चालू होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी उत्तरादाखल केलेल्या भाषणात असे प्रतिपादन केले की, या देशात धर्माची कल्पना जन्मापासून मृत्यूपर्यंत जीवनाचे प्रत्येक अंग व्यापून बसली आहे. म्हणून धर्माची व्याख्या श्रद्धा आणि ‘एसेन्शियली रिलिजस’ अशा विधींपुरती मर्यादित केली पाहिजे. कुळवहिवाट, वारसाहक्क यांसारखे विषय धर्माने नियंत्रित व्हावेत असे नाही, हे त्यांनी उदाहरण देऊन सांगितले.

या वाक्यात ‘एसेन्शियली’ हे क्रियाविशेषण ‘धार्मिक’ या विशेषणाला विशेषित करते. त्याचा मराठी अर्थ ‘स्वरूपतः धार्मिक’ असा होतो. विचारायचा प्रश्न हा की, अमुक बाब स्वरूपाने धार्मिक आहे की ऐहिक? जमिनीचा खंड हा ऐहिक, पूजा ही धार्मिक. ही सीमारेषा धर्म आणि व्यवहार यांच्यामधून जाते.

१९५४ मध्ये उडुपीच्या अष्टमठांपैकी शिरूर मठाचा खटला सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठापुढे आला. धर्माचे ‘एसेन्शियल’ अंग नसलेल्या सर्व ऐहिक बाबींचे नियमन राज्याला करता येते, असा युक्तिवाद सरकारच्या वतीने करण्यात आला. न्यायमूर्ती बिजनकुमार मुखर्जी यांनी निकालात तो इतक्या व्यापक स्वरूपात मान्य केला नाही. धर्माचे आवश्यक अंग कोणते, हे प्रामुख्याने त्या धर्माच्या स्वतःच्या सिद्धांतांवरून ठरवावे, असे त्यांनी म्हटले. परंतु शब्द आता बदलला होता. क्रियाविशेषणाचे विशेषण झाले, आणि ते ‘धार्मिक’ या शब्दापासून सुटून धर्माच्या अंगाला चिकटले. नव्या प्रश्नाचे मराठी रूप असे : धर्मातील अमुक गोष्ट धर्माला अत्यावश्यक आहे काय? ही दुसरी सीमारेषा धर्माच्या आतून जाते. पूजा स्वरूपतः धार्मिक आहे, हे मान्य करूनही ती अत्यावश्यक नाही, असे म्हणणे आता शक्य झाले.

सातारा येथे जन्मलेले आणि पुढे भारताचे सरन्यायाधीश झालेले न्यायमूर्ती प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांनी १९६१ च्या अजमेर दर्ग्याच्या खटल्यात आणि १९६३ च्या नाथद्वारा मंदिराच्या खटल्यात हा विचार पुढे नेला. धर्माच्या नावाने चालणाऱ्या काही प्रथा अंधश्रद्धेतून उपजलेल्या आणि धर्माला बाहेरून चिकटलेल्या असू शकतात, त्यांची छाननी झाली पाहिजे, असे त्यांनी मांडले. पंथातच मतभेद असतील, किंवा अन्नवस्त्रासारख्या गोष्टींवरही धर्माचा दावा सांगितला जाईल, तेव्हा निर्णय न्यायालयालाच करावा लागेल, ही त्यांची भूमिका होती. या भूमिकेमुळे सामाजिक सुधारणेला बळ मिळाले, असे तिचे समर्थक म्हणतात. धर्मातील सार कोणते आणि आगंतुक कोणते हे ठरवण्याचे काम न्यायाधीशांवर आले आणि ते त्यांच्या अधिकाराबाहेरचे आहे, असे टीकाकार म्हणतात. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शबरीमला प्रकरणाच्या संदर्भात या विषयावरील प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवले. सत्तर वर्षांनंतरही ‘स्वरूपतः धार्मिक’ आणि ‘धर्माला अत्यावश्यक’ या दोहोंमधील अंतर मोजले जात आहे.

हे अंतर इंग्रजीत सहजी नजरेस येत नाही, कारण दोन्ही ठिकाणी एकाच धातूचे शब्द आहेत. मराठीत भाषांतर करू लागताच ‘स्वरूपतः’ आणि ‘अत्यावश्यक’ हे दोन वेगळे शब्द योजावे लागतात, आणि प्रश्न एक नसून दोन आहेत, हे आपोआप उघड होते.

शब्दांची झीज

एकीकडे हे शब्द अशा रीतीने निर्णायक ठरत असताना रोजच्या बोलण्यात त्यांची धार बोथट होत गेली. ‘एसेन्शियली’ हा शब्द साराबद्दल बोलता बोलता ‘जवळजवळ’ या अर्थाला येऊन पोहोचला. काम ‘एसेन्शियली’ पूर्ण झाले आहे, असे इंग्रजीत म्हटले जाते, तेव्हा बहुधा ते पूर्ण झालेले नसते. ‘व्हर्च्युअली’ या शब्दाची वाटचालही अशीच : अंगच्या सामर्थ्याने, म्हणून परिणामतः, आणि अखेर जवळपास. ‘रॅडिकली’ हा शब्द लॅटिनमधील मूळ या अर्थाच्या शब्दापासून आलेला. परंतु इंग्लंडमध्ये अठराव्या शतकाच्या अखेरीपासून मुळापासून राजकीय सुधारणा मागणाऱ्यांना हे विशेषण लागले आणि मुळाचा अर्थ टोकाच्या अर्थात विरून गेला. मराठीतील ‘मूलगामी’ या शब्दाने मात्र ते मूळ अद्याप जपले आहे.

‘बेसिकली’ हा या कुटुंबातील सर्वांत धाकटा. ‘बेसिस’ म्हणजे ग्रीकमध्ये पाऊल किंवा ज्यावर पाऊल ठेवायचे ते पीठ. ‘बेसिक’ हे विशेषण एकोणिसाव्या शतकात प्रथम रसायनशास्त्रात आम्लाच्या विरुद्ध असणाऱ्या पदार्थांसाठी रूढ झाले, आणि त्याचे क्रियाविशेषण विसाव्या शतकाच्या आरंभी. एका शतकात त्याने इतर सर्वांना मागे टाकले. आज ते वाक्याच्या आरंभी येते, तेव्हा ‘तपशील सोडून थोडक्यात सांगायचे तर’ एवढाच त्याचा अर्थ असतो. कित्येकदा तर पुढचा शब्द सुचेपर्यंत मिळालेली उसंत, एवढेच त्याचे काम. मराठीत ‘मुळात’ हा शब्दही त्याच वाटेने निघाला आहे. यात रागावण्यासारखे काही नाही. बोलण्यात अशा विसाव्याच्या जागा प्रत्येक भाषेला लागतात. लेखनात मात्र तो शब्द काढून वाक्य वाचून पाहावे. अर्थ तसाच राहिला तर तो शब्द तेथे अनावश्यक होता, असे खुशाल समजावे.

मराठी वर्गातील इंग्रजी

मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकण्याची परंपरा प्रारंभापासून भाषांतराच्या मार्गाने चालत आली. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठी व्याकरण १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले. मोल्सवर्थ यांनी आरंभलेला आणि टॉमस कँडी यांनी तडीस नेलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ मध्ये निघाला, आणि मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ मध्ये. इंग्रजी वाक्य वाचायचे, त्याचा कर्ता, कर्म, क्रियापद शोधायचे, क्रियाविशेषण कोणत्या शब्दाला लागते ते पाहायचे आणि मग मराठी वाक्य लिहायचे, ही पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालली. ही पद्धत संथ आहे, तिने बोलण्याचा सराव होत नाही, हा आक्षेप रास्त आहे. परंतु या पद्धतीत विद्यार्थ्याला एक गोष्ट चुकवता येत नसे. ‘एसेन्शियली’ समोर आले की त्याला थांबावे लागे. स्वरूपतः लिहावे की तत्त्वतः? वस्तुतः की जात्याच? की नुसते ‘जवळजवळ’? यांतील एक निवडल्याखेरीज वाक्य पुढे सरकत नसे, आणि निवडण्यासाठी मूळ वाक्याचा विचार करावाच लागे.

मराठीभाषक प्रदेशाबाहेरील शाळांतील विद्यार्थ्याला तर हा व्यायाम दुहेरी घडतो. घरी मराठी, रस्त्यावर हिंदी, कन्नड, गुजराती किंवा तेलुगू, आणि वर्गात इंग्रजी. ‘मूलतः’ हा शब्द हिंदीतही आहे, पण त्याचा वापर मराठीसारखाच आहे असे गृहीत धरून चालत नाही. एक शब्द दुसऱ्या भाषेत नेताना त्याचे वजन बदलते, हे या मुलांना व्याकरण शिकण्यापूर्वीच अनुभवाने ठाऊक असते. शाळेने फक्त त्या अनुभवाला शिस्त लावायची असते.

ही शिस्त तीन साध्या प्रश्नांची आहे. कोणी काही ‘मूलतः’ अमुक आहे असे म्हटले की प्रथम विचारावे, कोणते मूळ : द्रव्याचे, रचनेचे, जन्माचे, की प्रयोजनाचे? दुसरे, हे मूळ वस्तूत आढळले आहे की कोणी ठरवून दिले आहे? आणि तिसरे, ते ठरवण्याचा अधिकार कोणाचा? ब्रॅग पितापुत्रांनी पहिला प्रश्न विचारला, लॉकने दुसरा. तिसरा प्रश्न १८७१ च्या कायद्याने विचारू दिला नाही आणि १९५४ पासून भारतातील न्यायालये तो विचारीत आहेत. मुली स्वभावतः गणितात कच्च्या असतात, अमुक वस्तीतली मुले जात्याच दांडगट असतात, प्रादेशिक भाषा मूलतः शास्त्राला अपुरी आहे, अशी विधाने आजही कानावर पडतात. त्या प्रत्येक विधानातील पहिला शब्द बाजूला काढून तपासला, तर बाकीचे विधान सहसा उभे राहत नाही.

हिरा मूलतः कार्बन आहे, हे विधान खरे आहे. वर्गातील त्या विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्नही तितकाच खरा आहे. उत्तर मिळाल्यानंतर तो विद्यार्थी आपल्या वहीत ‘मूलतः’ हा शब्द खोडून ‘द्रव्यतः’ असे लिहील, तेव्हा इंग्रजीचा, मराठीचा आणि विज्ञानाचा असे तीनही तास सार्थकी लागले, असे म्हणता येईल.